चाचाचा उजवा खांदा

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. इस्लामपूरच्या मैदानावर आजही कुणी चाचाचा विषय काढला, की म्हणतात, कारखान्यात कापसाचं गाठोडं उचलताना त्याचा खांदा गेला. ते खरं नाही.

चाचाचा गाद्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पिंजायचं एक यंत्र, दोन खोल्या आणि तो. मी साताऱ्याच्या शाळेतून निवृत्त होऊन मुलाकडे राहायला आलेला व्यायामशिक्षक. सकाळी आम्ही म्हातारे मैदानावर जमायचो. आकडे मी म्हणायचो, बाकीचे दंड-बैठका मारायचे.

चाचाचा खांदा तेव्हा नुसता दुखत होता. सांगलीच्या फिजिओथेरपीवाल्या बाईंनी त्याला एक रबरी पट्टा दिला होता. पट्टा खांबाला बांधायचा, बगलेत टॉवेलची गुंडाळी धरायची, कोपर अंगाला चिकटवायचं आणि हात दारासारखा बाहेर उघडायचा. आम्ही दंड मारत असताना तो बाजूला एकटाच हे करायचा. मला ते बघवेना.

"चाचा, खांबाला शेळी बांधलीय का गड्या?"

सगळे हसले. तोही हसला. "आवं सर, बाई म्हणल्यात आधी ह्ये, मग दंड."

"दंडात सगळं येतंय रं. खांदा, छाती, पाठ. आख्खा गडी कामाला असताना एकट्या करंगळीला कशाला पगार देतोस?"

आणखी हशा झाला. चाचानं पट्टा सोडला, गुंडाळला आणि खिशात घातला. दुसऱ्या दिवशी तो माझ्या शेजारी रांगेत होता. दमला की थांबायचा, आणि मी म्हणायचो, "अजून."

असंच एकदा दंड मारून वर येताना त्याच्या खांद्यातून आवाज आला. गादीची शिवण उसवावी तसा, बारीक. तो मला एकट्यालाच ऐकू आला. चाचा उठून बसला, हात पोटाशी धरून घरी गेला. आतला स्नायू फाटला होता. शस्त्रक्रिया झाली, पण हात पुन्हा वर गेला नाही. कारखाना बंद पडला. विचारणाऱ्यांना तो गाठोड्याचं सांगू लागला. मी गप्प राहिलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मी मात्र चारचौघांत म्हणालो, "दंड मारणाऱ्याचा खांदा असा जात नसतो. वजन चुकीचं उचललं त्यानं."

पुढं माझाच गुडघा कुरकुरायला लागला. सांगलीला त्याच बाईंकडे गेलो. त्यांनी घोट्याला वाळूची पिशवी बांधून खुर्चीत बसवलं आणि पाय सरळ करायला लावला. एवढंच, पुन्हा पुन्हा.

"बैठका वाईट नाहीत, आजोबा," त्या म्हणाल्या. "पण सगळे सांधे एकदम कामाला लागले, की दांडगे स्नायू ओझं ओढून नेतात. दुबळा तसाच दुबळा राहतो आणि सांधा भरडला जातो. म्हणून आधी त्याला एकट्याला तयार करायचं."

एसटीतून उतरलो तो थेट चाचाच्या घरी गेलो. दार उघडं होतं. तो नमाजाला उभा होता. दोन्ही हात कानांपर्यंत न्यायचे असतात. डावा गेला. उजवा छातीपाशीच थांबला. मी चपला काढून बाहेरच उभा राहिलो. काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं.

तो बाहेर आला. "लंगडताय जणू, सर?"

"गुडघा रं."

"मग तुमी बी गाठोडं उचललासा का काय?"

असं म्हणून तो हसला. माझ्याकडे बघतच हसला. मीही हसलो. त्यानं डाव्या हातानं चहा पुढं केला. मी प्यालो, उसाच्या आणि पावसाच्या गोष्टी केल्या आणि उठलो. त्याच वर्षीच्या थंडीत तो गेला.

त्या हसण्याच्या जागी मला एवढंच म्हणायचं होतं: चाचा, गाठोडं नव्हतंच. मी होतो. मला माफ कर, गड्या.