माझं व्रत आणि वहिनीचं रक्त

तमाम चाळकऱ्यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येत आहे की, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र होईपर्यंत दुसऱ्या मजल्यावरचा हा तरुण मासळीला शिवणार नाही!

लालबागच्या आमच्या चाळीत, गॅलरीतल्या स्टुलावर उभं राहून हे मी एकविसाव्या वर्षी जाहीर केलं. टाळ्या पडल्या. मला तेवढ्याच हव्या होत्या.

आई मालवणची. घरात एकाचं व्रत असलं की त्या चुलीवर मासे चढायचे नाहीत, हा तिचा नियम. म्हणजे माझ्या भाषणाने अख्खं घर शाकाहारी झालं. दादा गिरणीजवळच्या खानावळीत भागवायचा. मी त्याहून थोर. आठव्याच दिवशी गिरगावात भिंतीकडे तोंड करून तळलेला बांगडा खाल्ला, आणि मग एक दिवसाआड खात राहिलो. घरी उरली वहिनी. वय वीस, चौथा महिना. तिच्या ताटात भात, सोलकढी, लोणचं.

सातव्या महिन्यात ती जिन्यावर चार पायऱ्या चढली की बसू लागली. नखं पांढरीफटक. परळच्या इस्पितळात डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली आणि सांगितलं, रक्त फार कमी झालंय, म्हणून हृदयाला धावावं लागतंय. असंच चाललं तर बाळंतपण निभणार नाही. आईने जरा तोऱ्यातच सांगितलं, आम्ही सध्या शाकाहारी आहोत. डॉक्टर म्हणाले, मी तर जन्माचा शाकाहारी.

"मासे गेले, हरकत नाही," ते म्हणाले. "पण त्यांच्या जागी ताटात आलं काय?"

उसळ, पालेभाजी, नाचणी, काहीच आलं नव्हतं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

रक्त द्यायला मात्र छाती काढून पुढे झालो. माझं जुळलं. तपासणीच्या निळ्या पाण्यात माझा थेंब टाकला, तो सरळ तळाला गेला. रक्त उत्तम, असं नर्सने सांगितलं. आई शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगत सुटली की माझ्या झिलाचं व्रत फळलं. माझे कान तापले.

वहिनीच्या उशाशी बाटली टांगली. तिने बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाजात टोमणा नव्हता, खरंच कोडं पडलं होतं तिला.

"भावजी, तुम्हीपण माझ्यासारखंच जेवता ना? मग तुमचं एवढं चांगलं कसं?"

आई ऐकत होती, दादा ऐकत होता, नर्ससुद्धा थांबली होती. स्टुलावरचा माझा आवाज कुठे गेला कोण जाणे. तोंडातून निघालं ते एवढंच:

"वहिनी, ते रक्त गिरगावच्या बांगड्यांचं आहे."