एल्लव्वाबाईंची पिशवी

मैंदर्गीच्या एल्लव्वाबाई. आधी त्यांचं नाव लिहिते, मग झालेलं सांगते. माझी शाळा सातवीतच सुटली, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझं माहेर हिंगोलीकडं. मालक सोलापुरात टॉवेलच्या मागावर कामाला, म्हणून मी इथं. लई वर्षांनी दिवस राहिले होते. रोज माहूरच्या रेणुकामायचा अंगारा लावायची. तरी तिसऱ्या महिन्यात अंगावर लाल दिसलं, दवाखान्यात आलो. सोनोग्राफी करून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाचे ठोके नाहीत, वाढ आधीच थांबलीय, यात तुमची काही चूक नाही. "आता पिशवी रिकामी करून घेऊ. संध्याकाळी घरी जाल."

मी फक्त 'पिशवी' ऐकलं. आमच्याकडं ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बायकांची पिशवी काढलेली, माझ्या मावशीचीसुद्धा, ऐन तरुणपणी. वाटलं, बाळ तर गेलंच, आता पुढचंही सगळं काढून घेतायत. काही न विचारता चपला घातल्या आणि बाहेर आले. मालक गेटपाशी होते, पण मी तिथवर गेलेच नाही. दाराबाहेरच्या बाकावर बसले. अंगावरून जातच होतं.

समोर एक सात महिन्यांची गरोदर पोरगी चिक्कू खात बसली होती. हातात हिरवा चुडा, एक हात पोटावर. तो हात मला बघवेना. मान वळवली तरी डोळे परत तिथंच. हिनं असं काय केलं, जे मी केलं नाही? हिचं पोट भरलेलं आणि माझंच का रिकामं? छातीत नुसती आग. मनात म्हणाले, माय, तू माहूरलाच राहिलीस का गं?

तेवढ्यात त्या पोरीची सासू उठून माझ्याशेजारी येऊन बसली.

"का रडलालीस गं?"

सांगितलं. तर बाई हसली! मला रागच आला.

"खुळी हायस काय? पिशवी काढत न्हाईत, झटकत्यात. ज्वारी दळून आणली की पिशवी फेकून देतीस व्हय? झटकून खुंटीला लावतीस की!" मग आवाज खाली करून म्हणाली, "माजीबी झटकलेली हाय. त्याच्यामागनं हिचा नवरा झाला."

"अत्ती, हळू की! सगळे ऐकलालेत," सून लाजून म्हणाली.

मी त्या पोटाकडं पुन्हा बघितलं. त्यातल्या बाळाचा बाप अशाच एका रिकाम्या केलेल्या पिशवीतून आलेला होता.

बाईच मला हाताला धरून आत घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं, पिशवी जागेवरच राहणार, आतलं तेवढं काढायचं, पुढं दिवस राहू शकतात. बधिर करायचं इंजेक्शन दिलं, हातानं ओढायच्या नळीनं काढून घेतलं. पाळीसारखी, पण जोराची कळ आली. मी बाईंचा हात इतका आवळला की त्यांच्या बांगड्या माझ्या तळव्यात रुतल्या. चहा निवेल एवढ्यात झालंसुद्धा. थोडं पडून राहिले. ताप आला, रक्त जास्त गेलं तर लगेच या, असं बजावून घरी सोडलं.

निघताना बाईंनी स्वतःची कापडी पिशवी माझ्या हातात दिली, आत भाकरी आणि शेंगाचटणी. मी नाव-गाव विचारलं.

"एल्लव्वा, मैंदर्गीची. यल्लम्मादेवीचं नाव हाय. तुमच्यात तिलाच रेणुका म्हणत्यात की."

यावर मला जास्त काही सांगता येत नाही. मी हाक मारली होती आणि ती बाई उठून आली होती, एवढंच.

हेवा गेला म्हटलं तर खोटं होईल. ती पोरगी आता बाळंत झाली असेल, या विचारानं अजून आत चटका बसतो. मग खुंटीकडं बघते. ती पिशवी धुऊन, झटकून तिथं लावलीय. माझी कूस कधी भरायची ते मायवर सोडलंय. पण कुणाचं भांडं रिकामं परत द्यायची आमच्यात रीत नाही. एल्लव्वाबाई, एक दिवस मैंदर्गीला येईन आणि तुमची पिशवी भरूनच तुमच्या हातात देईन. तुमच्या नातवंडासाठी.