केरीच्या सुरूंखाली थोडंसं धावून

गोव्यातल्या केरीच्या शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली आणि मला सीटवरून उठताच येईना. उजव्या कुल्ल्यापासून कंबरेपर्यंत अशी कळ गेली, की पुढची दांडी धरून मी वाकूनच राहिलो. "देंव मरे भाऊ, गाडी परत वता!" (उतर बाबा, गाडी परत जाते) कंडक्टर खालून ओरडला. शेवटी त्यानेच काखेत हात घालून मला उतरवलं.

मी सांगलीचा, पन्नाशीला टेकलेला हौशी धावपटू. वर्षभर हे दुखणं येत-जात होतं. हाड झिजलं असणार या भीतीने डॉक्टरकडे गेलोच नव्हतो. चार दिवस मावसबहिणीकडे, सुनंदाताईकडे काढायचे आणि घरी जाऊन धावण्याला रामराम ठोकायचा, असं ठरवून निघालो होतो. पण मग सकाळी उठायचं तरी कशाला, हे काही केल्या सुचत नव्हतं.

"तुका कोणी सांगल्यान ह्या वयात धावाक?" सुनंदाताईने दारातच फैलावर घेतलं. मग समोर उंडे (गोल, कडक पाव) आणि आळसांद्याची (मोठ्या चवळीची) पातळ भाजी आली, आणि जेवता जेवता हुकूमही. तिच्या जावेची मुलगी मानसी डिचोलीत फिजिओथेरपिस्ट आहे. उद्या तिच्याकडे जायचं.

सकाळी भावोजींनी गाडी काढली. वाटेत काजूच्या बागा लागल्या, मुळगावापाशी एकीकडे हिरवी शेतं, दुसरीकडे खाणीची तांबडी माती. मी मात्र रस्त्यावरचे स्पीडब्रेकर मोजत होतो. प्रत्येकाच्या आधी भावोजी "आयलो!" (आला!) म्हणत आणि मी दोन्ही हातांवर अंग उचलून धरी.

मानसीने पाय उचलून पाहिले, बोटांनी दाबलं, मुंग्या येतात का, पायातली ताकद गेली का, सगळं विचारलं. मग म्हणाली, "मामा, एका पायार उभे रावा पळोवया." (एका पायावर उभे राहा पाहू.) उजव्या पायावर उभा राहिलो, तर कंबर डावीकडे धप्पकन कलली.

"दुखलं की काय करता?"

"पूर्ण विश्रांती. दोन-तीन आठवडे."

"आणि थांबलं की?"

"लगेच दहा किलोमीटर. बुडालेलं भरून काढायला नको?"

ती खो खो हसली. "मग परत दुखतलंच मां! नस दबल्यासारखं काही दिसत नाही. कुल्ल्याचे स्नायू कमजोर आहेत. बधिरपणा आला तर मात्र डॉक्टर गाठायचा."

"धावणं सोडू?"

"कित्याक? (कशाला?) थोडं थोडं धावा."

मी टॉवेल तोंडाशी धरला. घाम पुसतोय असं तिला वाटलं असावं. मला रडू येत होतं.

तिने शिकवलेले व्यायाम दोन दिवस केले. मग तिसऱ्या सकाळी केरीच्या किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांखाली, एका झाडापासून पुढच्यापर्यंत धावलो, त्यापुढच्यापर्यंत चाललो. तेरेखोलच्या बाजूने मच्छीमारांची होडी परत येत होती. पाय आणखी मागत होते, पण मी मुकाट्याने घरी आलो.

सांगलीला पोचलो तेव्हा बायको दारातच उभी होती, चेहरा काळजीने उतरलेला.

"काय निघालं?"

"कुल्ला कमजोर आहे."

ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. मीही हसलो. हसताना कंबरेत बारीकशी कळ आली. मी हसतच राहिलो.