रेडिएटरमधली हळद

भेटायला येणारा प्रत्येक माणूस एकच विचारतो, "काय झालं होतं हो सरांना?" मी सांगते, हार्ट अटॅक. मग ते मान हलवतात, "चांगला माणूस गेला" म्हणतात, नको नको म्हणत चहा पितात आणि उठतात. गाडीला काय झालं होतं, हे कुणी विचारत नाही. यांना मात्र तोच प्रश्न आवडला असता. स्वतःच्या मरणाचं कारण सांगा म्हटलं असतं, तरी आमच्या सरांनी आधी बॉनेटच उघडलं असतं.

मी त्यांची बायको. सगळं पालम गाव त्यांना सर म्हणायचं, म्हणून इथं मीही तसंच म्हणते. घरात आपलं साधं 'अहो'. आम्ही दोघं एकाच शाळेत होतो, ते शास्त्र शिकवायचे आणि मी मराठी. "कारणाशिवाय काही घडत नाही" हे त्यांचं वाक्य पोरांना इतकं पाठ झालं होतं, की कुणी उशिरा आलं तर अख्खा वर्ग एका सुरात ओरडायचा, "कारण?" रिटायर झाल्यावर वर्ग सुटला, आणि कारणं शोधायला उरली ती आमची जुनी पांढरी गाडी. तीही बिचारी रोज काही ना काही काढून द्यायचीच.

गाडी अडली की सरळ गॅरेजला न्यावी, हे त्यांना कमीपणाचं वाटायचं. आधी निदान घरी. सकाळी इंजिन चालू करून डोळे मिटून उभं राहायचं, धुराचा वास घ्यायचा, सायलेन्सरसमोर पांढरा रुमाल धरायचा आणि त्यावर काजळी आली की तेल आलं, हे मला स्वयंपाकघरात आणून दाखवायचं. ते रुमाल कोण धूत होतं, ते विचारू नका. मग स्वारी चाँदभाईंच्या गॅरेजला जायची, ती दुरुस्ती सांगायलाच. चाँदभाई हसून म्हणायचे, "सर, तुमी डागदर, आमी कंपाउंडर." बहुतेक वेळा यांचं म्हणणं बरोबर निघायचं... हेच वाईट झालं. एखाद-दोनदा तोंडघशी पडले असते, तर बरं झालं असतं.

मागच्या उन्हाळ्यात रेडिएटर गळायला लागला. आता गळक्या रेडिएटरवर आपल्याकडचा तोडगा कुणाला माहीत नाही? चमचाभर हळद टाकायची. ती फुगते, भोक बुजतं आणि गाडी गॅरेजपर्यंत पोचते. गॅरेजपर्यंत! यांनी ते कायमचं औषध करून टाकलं. माझ्या बहिणीनं वसमतहून पाठवलेली नवी हळद, मी अजून फोडणीला घातली नव्हती, त्यातली मूठभर यांनी रेडिएटरमध्ये ओतली. गळती थांबली. गल्लीतल्या एकेकाला हाताला धरून आणून, खाली वाकवून, कोरडी जमीन दाखवली. पुढं पुन्हा थेंब दिसला की पुन्हा हळद. डबा मी वरच्या फळीवर ठेवला तर स्टूल घेऊन चढले.

चाँदभाई तेव्हा स्पष्ट बोलले होते. "सर, गळणं थांबलं, पन आतल्या बारीक नळ्या बी बुजायल्यात. पानी फिरलं न्हाई तर इंजन लय तापंल. एकदा खोलू द्या." हे म्हणाले, "गळतंय का? नाही ना? मग रेडिएटर ठीक आहे." झालं, विषय संपला.

आणि गाडी तापायला लागली. तापमानाची सुई लालकडे सरकायची आणि हे कारण शोधायचे. पंख्याचा पट्टा आवळला. झाकण बदललं. थर्मोस्टॅट काढून घरीच ठेवून दिला, म्हणे आपल्याकडच्या उन्हात इंजिन गरम करायला वेगळी वस्तू कशाला पाहिजे! सगळ्या भागांची झडती झाली, फक्त रेडिएटरला कुणी हात लावायचा नाही. मी एकदा न राहवून म्हटलं, "अहो, ती हळदच असेल." तर माझ्याकडे बघून हसले. "अगं, हळदीनं आजवर कुणाचं वाईट झालंय का?"

त्याच दिवसांत त्यांना छातीत जळजळ व्हायची. निदान तयारच होतं, गॅस. ओवा आणि काळं मीठ तोंडात टाकायचं, ढेकर आला की विजयी मुद्रेनं म्हणायचं, "बघ, बरोबर होतं का नाही?" आमचा नितीन पुण्याहून फोनवर डोकं आपटायचा, "बाबा, एकदा ईसीजी काढून घ्या." हे म्हणायचे, "काढू की." आमच्या घरात 'काढू की'चा अर्थ 'गप बस' असाच होता.

त्या दिवशी सकाळी मात्र त्यांचा चेहरा उतरलेला दिसला. ओठ राखेसारखे झाले होते. मी हट्टच धरला, परभणीला दाखवायचं म्हणजे दाखवायचं. तेही कधी नव्हे ते हो म्हणाले. मी म्हटलं, बसनं जाऊ. "दारात गाडी असताना?" म्हणाले, आणि स्वतः चालवायला बसले. गंगाखेड मागं पडलं, पोखर्णी जवळ आली आणि बॉनेटमधून वाफा निघायला लागल्या. लिंबाच्या सावलीला गाडी घेतली. सर उतरले, बॉनेट उघडलं आणि आत डोकं घातलं. शर्ट पाठीला चिकटला होता, पण तसं ऊनच इतकं होतं की घाम मलाही आला होता. कोणता घाम कशाचा, हे मला कसं कळावं?

तेवढ्यात परभणीची बस आली. मी हात केला. बस थांबली, कंडक्टर खाली उतरला. बहुतेक यांना ओळखत असावा. "सर, चढा की. मावशी, घ्या सरांना. गाडी कुठं पळून जायलीय?"

"जरा थंड होऊ द्या, पाणी टाकतो आणि निघतोच. तुमच्या आधी पोचतो बघा."

कंडक्टर दोनदा बोलला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मी यांचा दंड धरून ओढलं, तर त्यांनी सोडवून घेतला. रागानं नव्हे हो... हाताचं तेल माझ्या साडीला लागू नये म्हणून. बस गेली. आता लोक मला म्हणतात, जबरदस्तीनं का नाही चढवलं? त्यांना काय माहीत हा माणूस! माझ्या ओढण्यानं हलला असता, तर आयुष्यात कितीतरी गोष्टी झाल्या असत्या.

बस दिसेनाशी झाली आणि यांनी मडगार्डवर हात टेकला. म्हणाले, "अगं, पाण्याचा पंप गेला असणार." मग चाकाजवळ खाली बसले, आणि पुन्हा बोलले नाहीत. एका भाजीच्या टेम्पोवाल्यानं उचलून नेलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, "जरा आधी पोचला असतात तर..." आणि माझ्याकडे बघून वाक्य अर्धंच सोडलं. त्यांनी सोडलं, पण माझं काही सुटत नाही. मला राग आहे, लिहूनच टाकते. गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये म्हणतात, पण आज ते समोर असते तर मी भांडले असते, आणि तेवढ्यासाठी तरी ते समोर असायला हवे होते.

गाडी चाँदभाईंनी ओढून आणली. दिवस झाल्यावर एकदा घरी आले, ओट्यावर बसले. म्हणाले, "भाबी, पंप चांगला हाय."

"मग काय झालं होतं?"

"जाऊ द्या. आता इचारून काय फायदा?"

मी चपला घातल्या आणि त्यांच्या आधी गॅरेजला पोचले. रेडिएटर कापून ठेवला होता. नळ्या गच्च बुजलेल्या. बोटानं खरवडलं तर गंज आणि त्यात पिवळा चिखल. "बघा," मी मोठ्यानं म्हणाले, "हे कारण." कुणाला म्हणाले, ते चाँदभाईंना कळलं असावं. त्यांनी मान खाली घातली.

गेल्या आठवड्यात दुपारी माझ्याच छातीत जळजळ सुरू झाली. उठले, दाराला कुलूप लावलं, कुणाला काही न सांगता स्टँडवर गेले आणि परभणीची बस धरली. पोखर्णीच्या अलीकडे तो लिंब आला, तेव्हा मी खिडकीकडे पाहिलं नाही. दवाखान्यात ईसीजी काढला. कागद बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काही नाही मावशी, गॅस आहे नुसता." आणि मला रडू फुटलं. तेराव्याला आलं नव्हतं तेवढं आलं. त्या बिचाऱ्या घाबरल्या, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "अहो, चांगलीच बातमी आहे की ही."

हो बाई, चांगलीच. एवढं कळून घ्यायला नुसतं बसमध्ये चढायचं होतं.