मामांचा दुसरा प्रश्न

आमचे मामा कुणाचंही पहिलं उत्तर धरून चालत नसत. लग्नघरी गेले की आचाऱ्याला विचारत, गॅस आहे ना. तो हो म्हणाला की टाकी हातानं हलवून बघत. एका दवाखान्याच्या उद्घाटनाला फीत कापायला बोलावलं, तर कात्री हातात घेऊन त्यांनी विचारलं, डॉक्टर राहणार कुठे. माझं एक स्थळ त्यांच्यामुळेच गेलं. मुलगा कंपनीत आहे असं पाहुणे म्हणाले, आणि मामांनी विचारलं, आत हाय का गेटवर. तो गेटवर होता. गेटवर असण्यात वाईट काही नव्हतं, पण पाहुणे पोहे तसेच ठेवून उठले. "पहिलं उत्तर पाव्हण्याला दिलेलं असतंय," मामा मला नंतर समजावत होते. "खरं काय ते दुसऱ्यांदा इचारल्यावर भाईर येतंय." पुढे माझं लग्न झालं, मोडलं, आणि मी उजनीच्या पाण्याकाठी आजोळी परत आले. तेव्हा मात्र मामांनी काही विचारलं नाही. नुसत्या पॅकहाऊसच्या किल्ल्या हातात दिल्या.

ते आमदार झाले बऱ्याच उशिरा, आणि एकदाच. तेव्हापासून अख्खा भाग त्यांना आमदारमामा म्हणू लागला. ते सत्तेच्या बाजूला होते की विरोधात, असं कुणी विचारलं तर मी दोन्ही सांगते. पाच वर्षांत दोन्हीकडे बसून झालं, आणि तेही मामांनी पक्ष न बदलता. पक्षच इकडून तिकडे जात होता. मतदारसंघात त्यांनी फार काही आणलं असं नाही. रस्त्याच्या भूमिपूजनाला गेले की नारळ बाजूला ठेवून ठेकेदाराला खडी कुठली ते विचारत बसत, त्यामुळे ठेकेदार त्यांच्या तारखा टाळत.

पण विधानसभेवर त्यांचा भाबडा म्हणावा असा विश्वास होता. आत जाताना ते दाराशी वाकून उंबऱ्याला हात लावत. बाहेर माणसं वाट्टेल ते बोलतात, टीव्हीवर तर बोलतातच, पण सभागृहात अध्यक्षांसमोर उभं राहून मंत्री खोटं बोलत नाही, असं ते आम्हाला अगदी गंभीरपणे सांगत. मामी तोंडाला पदर लावून हसायची. मामांना ते आवडत नसे.

आमच्याकडे केळी आहे. गावातल्या बागायतदारांनी मिळून गट केला होता. माल आमच्या पॅकहाऊसमध्ये धुऊन, भरून, टेंभुर्णीवरून मुंबईच्या बाजूला बंदरात जायचा आणि तिथून आखातात. हिरवी केळी थंड कंटेनरमधून जाते. वाटेत ट्रेलरवरचा जनरेटर तिला थंड ठेवतो आणि बंदरात पोचल्यावर कंटेनरला विजेचा प्लग लावतात. प्लग नसला की केळी पिकायला लागते, आणि एकदा पिकायला लागली की तिला कुणाचा बाप थांबवू शकत नाही. एवढं साधं गणित आहे, आणि आमच्या भागात ते शाळेतल्या पोरींनाही ठाऊक आहे.

त्या वर्षी आखातात लढाई भडकायची चिन्हं दिसू लागली. जहाजं बंद पडणार अशी बोलवा उठली. मामांनी विधानसभेत लक्षवेधी सूचना दिली: समुद्रातला रस्ता बंद झाला तर सरकारची तयारी काय. माल मी पाठवत होते, म्हणून मला बरोबर मुंबईला नेलं. गॅलरीत पायावर पाय टाकून बसायचं नाही, असं तिथल्या शिपायानं मला बजावलं. खाली निम्मी बाकं रिकामी होती. मंत्री उठले आणि शासन परिस्थितीवर बारकाईनं लक्ष ठेवून आहे असं त्यांनी वाचून दाखवलं. लढाई कुठे, केळी कुठे, असं कुणीतरी म्हणालं आणि थोडं हसू झालं. मग मामा उठले. घरात बोलायचे तसेच बोलले.

"अध्यक्ष महोदय, जहाजं थांबली तर थंड कंटेनर बंदरात तुंबणार. त्यास्नी लावायला प्लग किती हायत, एवढंच सांगा."

अधिकाऱ्यांच्या बाजूनं एक चिठ्ठी खाली आली. मंत्र्यांनी ती वाचली, घडी घातली आणि म्हणाले, "सन्माननीय सदस्यांनी अत्यंत महत्त्वाचा मुद्दा मांडला आहे. मी सभागृहाला आश्वस्त करतो, एकही कंटेनर प्लगशिवाय राहणार नाही."

मामा अजून उभेच होते. अध्यक्षांनी पुढची लक्षवेधी पुकारली, तेव्हा त्यांनी वर माझ्याकडे बघितलं आणि ते बसले. चेहरा समाधानी होता. आकडा काही मिळाला नव्हता. पण दुसऱ्यांदा विचारल्यावर आलेलं उत्तर होतं, आणि ते सभागृहात आलेलं होतं. मामांच्या लेखी तेवढं पुष्कळ होतं. परतीच्या वाटेवर त्यांनी ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावून आम्हा दोघांना भजी खाऊ घातली.

बागा कापणीला आल्या होत्या. आठवडा बाजारात हलका माल जातो त्या भावानं एक व्यापारी सगळं उचलायला तयार होता. नुकसान होतं, पण हातात काहीतरी पडलं असतं. बागायतदार पारावर न जमता आमच्या पॅकहाऊसच्या शेडमध्ये जमले. सगळ्यांच्या वतीनं दशरथदादांनी विचारलं. मामांच्या बरोबरीचा माणूस, लहानपणी दोघं एकत्र म्हशी राखायचे. "आखाताला पाठवायची का हितल्या व्यापाऱ्याला देऊन मोकळं व्हायचं? तुमी सांगाल तसं करतो."

"पाठवा," मामा म्हणाले. "मंत्री सभागृहात बोललाय, म्या माज्या कानानं ऐकलंय."

सगळ्यांत आधी त्यांनी स्वतःची बाग कापायला घातली. मग बाकीच्यांनी कापली. दशरथदादांनी त्या वर्षी दुसरं काही लावलंच नव्हतं, सगळी केळीच होती. लेकीचं लग्नही त्याच मालावर धरलं होतं.

कंटेनर पोचले आणि जहाजं थांबली. आमच्या ड्रायव्हरचा फोन आला, की गेटच्या बाहेर रांग लागलीये, आत प्लग नाहीत म्हणतात, आणि जनरेटरचं डिझेल संपत आलंय. डिझेल दिलं. पुन्हा संपलं. रांग हलत नव्हती. मामा मंत्र्यांच्या बंगल्यावर फोन लावत राहिले. साहेब मीटिंगमध्ये आहेत, असं एक मुलगा फार नम्रपणे सांगायचा. शेवटी कंटेनर उघडले, तेव्हा आतली केळी छान पिवळी झाली होती. काही काळी. ती तिकडेच कुठेतरी टाकून दिली. मला वाटलं होतं की राग येईल, निदान रडू तरी येईल. काहीच आलं नाही. मी केळी धुवायचे हौद घासले, स्वच्छ झाल्यावर पुन्हा घासले आणि शेडला कुलूप लावलं.

पुढच्या अधिवेशनात मामांनी विषय पुन्हा काढला. तोवर खातं दुसऱ्या मंत्र्यांकडे गेलं होतं. बंदराचा विषय केंद्राच्या अखत्यारीत येतो, असं उत्तर मिळालं. मी ते मोबाइलवर बघत होते. मामांनी मान हलवली आणि ते खाली बसले.

गावी आल्यावर ते ओसरीत बसून राहू लागले. कुणीतरी येईल, भांडेल, असं त्यांना वाटत असावं. कुणी आलं नाही. तेव्हा एक दिवस धुतलेला सदरा घालून ते स्वतःच निघाले, आणि मला म्हणाले, चल. प्रत्येक घरी जाऊन ते एकच वाक्य बोलत: "म्या सांगितलं हुतं, म्हणून तुमी पाठवली." समोरचा माणूस म्हणायचा, जाऊ द्या मामा, तुमचीबी गेलीच की. मग चहा यायचा. दशरथदादांकडे तर चहाबरोबर शेव-चिवडाही आला. वहिनींनी मामांच्या पाया पडून घेतलं. लेकीचं लग्न पुढे ढकललं, ते मामांनी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. धरणाचं पाणी यंदा किती खाली गेलंय, मोटारीचा पाइप किती वाढवावा लागला, यावरच बोलणं झालं. मामा कप हातात धरून बसले होते. चहावर साय धरली तरी त्यांनी तो प्यायला नाही.

आमच्या लोकांना मी दोष देत नाही. घरी आलेल्या मोठ्या माणसाला तोंडावर बोलायचं नाही, हे आमच्या हाडात आहे. मामांच्या जागी दुसरा कुणी असता तर सुटलो म्हणून घरी येऊन झोपला असता.

त्यानंतर ते निवडणुकीला उभे राहिले नाहीत, तिकीट मागितलंही नाही. तब्येत उतरत गेली म्हणून सोलापूरला डॉक्टरांना दाखवलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही. मामा "बरं" म्हणाले आणि उठले. मामीनं माझ्याकडे बघितलं. आयुष्यभर ज्या दुसऱ्या प्रश्नाला ती हसली, त्याची ती तिथं वाट बघत होती. डॉक्टरांना शेवटी मीच विचारलं आणि मला काय ते कळलं.

थंडीत मामा गेले. आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत, पण त्यांना मळ्यातच, पाण्याच्या कडेला अग्नी दिला, म्हणून मी जाऊ शकले. पुढाऱ्यांची भाषणं झाली. अभ्यासू लोकप्रतिनिधी हरपला, असं सगळेच म्हणाले. मी ऐकत होते, पण ते कुणा दुसऱ्याबद्दल चाललं असावं असं वाटत होतं. माणसं पांगली. दशरथदादा तेवढे थांबले होते, टोपी हातात घेऊन.

"माज्या दारात आलं हुतं, ताई," ते म्हणाले. "शिव्या खायाला आलं हुतं. मला कळलं हुतं की. पर म्या च्या पाजला."

त्यांनी सरणाकडे बघितलं.

"घालायला पायजे हुती. एक तरी. मोकळं झालं असतं, जगलं असतं अजून."

मग ते सरणाच्या जरा जवळ गेले आणि मामांच्या लहानपणच्या नावानं, अगदी हळू, त्यांनी एक शिवी घातली. तिथं मला पहिल्यांदा रडू आलं.