अ‍ॅडजस्ट म्हणजे नेमकं काय, हे विचारणाऱ्या मॅडम

आदरणीय सुगंधामॅडमची आणि माझी पहिली भेट फळ्यासमोर झाली, आणि तिथेच माझी फजिती झाली. चाकणच्या एका कंपनीत सुटे भाग तपासायच्या कामाला मी नुकतीच लागले होते. इंग्रजी सुधारावं म्हणून चिखलीत मॅडम संध्याकाळी घेतात त्या मोफत वर्गात गेले. मॅडम शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, त्यांची शिस्त मात्र झाली नव्हती. त्यांनी विचारलं, "कामात अडचण आली तर काय करता?"

मी ऐटीत म्हणाले, "अ‍ॅडजस्ट करते, मॅडम."

"म्हणजे नेमकं काय करता?"

मी म्हणाले, "म्हणजे... अ‍ॅडजस्टच." मॅडमनी तो शब्द फळ्यावर लिहिला आणि उद्या येताना तो जिथे जिथे कानावर पडेल तिथून उचलून आणा, असं सगळ्यांना बजावलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात बाजारच भरला. मशीन लावून देणाऱ्या सेटरभाऊंनी ती अ‍ॅडजस्ट केली होती, म्हणजे जुळवली होती. कंपनीच्या बसमध्ये 'अ‍ॅडजस्ट करा राव' म्हणजे सरका. एका खोलीत चौघं अ‍ॅडजस्ट होतात, म्हणजे भागवून घेतात. आणि साहेब 'आज अ‍ॅडजस्ट कर' म्हणाले, की ओव्हरटाइमला थांबायचं. मॅडमनी शेजारी त्याची इंग्रजी भावंडंही मांडली: अलाइन, अ‍ॅडॅप्ट, सेटल. सगळ्यात खाली त्यांनी स्वतःचा एक मराठी शब्द लिहिला, सोसणे. "शब्द गुणी आहे," त्या म्हणाल्या, "पण हरकाम्या आहे. त्याला पुढे करून कोण काय मागतंय, ते विचारून घ्यायचं." मॅडम स्वतः पिंपरीतल्या कामगाराच्या घरात वाढल्या, त्यामुळे हे त्यांनी पुस्तकातून शिकलेलं नव्हतं.

मॅडम रागीट आहेत, हे त्यांच्यावरच्या या गौरवलेखातही लपवत नाही. पण शिफ्टमुळे कुणाचा वर्ग बुडाला, तर त्याला सकाळी घरी बोलावून, आधी चार शब्द सुनावून, मग चहा देऊन त्या तोच धडा पुन्हा शिकवतात.

त्यांचे खरे उपकार माझ्यावर झाले ते आमच्या कासारवाडीच्या घरी, माझ्या लग्नाच्या बैठकीत. वडील नव्हते, म्हणून आईनं वडीलधाऱ्या म्हणून मॅडमना बोलावलं होतं. मुलाकडचे आळंदीजवळच्या गावातले. मुलगा मला पसंत होता. नोकरी सोडावी लागेल की काय, एवढीच धाकधूक होती, आणि ते विचारायची छाती होत नव्हती. पोहे संपले तसे मुलाचे मामा म्हणाले, "पोरगी कमावती हाय, चांगलंच हाय. फकस्त लग्नानंतर जरा अ‍ॅडजस्ट करावं लागंल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यात आधी माझ्या आईनं.

मॅडमनी कप खाली ठेवला. "मामा, तेवढं मराठीत सांगा ना. पोरगी कशाला हो म्हणतेय, ते तिला कळू दे."

"म्हंजे... समजून घ्यायचं."

"काय समजून घ्यायचं?"

मामा बहिणीकडे बघू लागले. आता लग्न मोडतं, असं मला वाटलं. तेवढ्यात पदर सावरत होणाऱ्या सासूबाईच बोलल्या, "सेकंड शिफ्ट नगं. यायला रात व्हती, मला घोर लागतो."

"आणि नोकरी?"

"नोकरी सोड असं कोण म्हणलं? ह्या माझ्या भावाच्या मनात असंल. माझ्या न्हाई."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "आता तुझं सांग." मी धीर करून म्हणाले, फर्स्ट शिफ्ट मागून घेईन, पण मग पहाटेचा डबा मला जमणार नाही.

"डबा म्या करीन," सासूबाई म्हणाल्या. झालं, बैठक संपली.

आज मी त्याच कंपनीत तपासणी विभाग सांभाळते आणि डबा अजून सासूबाईंच्याच हातचा असतो. त्या दिवशी मॅडम गप्प बसल्या असत्या, तर मीही आईसारखी मान डोलावली असती आणि नोकरी कधी सुटली ते मलाही कळलं नसतं.

मॅडमनी पंचाहत्तरी गाठली. त्यांना निरोगी दीर्घायुष्य लाभो, असं लिहून मी हा लेख सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी शेंगा सोलता सोलता ऐकला आणि म्हणाल्या, "दीर्घ म्हंजे किती? नीट लिही की. बाईंना म्हणावं, शंभर. आन् त्यात काय अ‍ॅडजस्ट करायचं न्हाई."