गोळीच्या बुडाची वाटी

मी घरी शिसं वितळवून रायफलच्या गोळ्या ओतते, हे इथे परदेशात आमच्या मराठी मंडळात कळलं तेव्हा एका काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? ठीकच होतं. मी कागदाशिवाय कशावर नेम धरत नाही. पण आमच्या क्लबच्या एका स्पर्धेत स्वतः ओतलेल्याच गोळ्या चालतात, आणि त्या स्पर्धेत मी दोन वर्षं ओळीनं शेवटची आले होते. तिसऱ्यांदा येणार नाही, असं मी ठरवलं होतं. एकदा ठरवलं की तोंडावर आपटेपर्यंत मागे हटायचं नाही, हा आमच्या घराण्याचा गुण.

घोडं अडलं होतं ते गॅस चेकपाशी. गॅस चेक म्हणजे गोळीच्या बुडाला बसवायची तांब्याची टोपी, हरभऱ्याएवढी. बार उडाला की मागचा तापलेला वायू शिशाचं बूड खातो, ते होऊ नये म्हणून ती लागते. विकतच्या टोप्या कुठेच मिळेनात, तेव्हा मी छपराला लावायचा तांब्याचा पत्रा आणला आणि साच्यात दाबून घरीच पाडायला लागले. दिसायला झकास. गोळीवर चढवून हाताच्या प्रेसमध्ये दाबून काढल्या की घट्ट बसल्यासारख्या वाटायच्या आणि नखानं ढकललं की निघून यायच्या. काही तर हवेतच निघायच्या, मग गोळी डगमगायची आणि कागदाला आडवं भोक पाडायची. मी साचा घासला, दुसरा पत्रा आणला, तीन शनिवार घालवले. आडवी भोकं काही थांबेनात.

चौथ्या शनिवारी बाबा गॅरेजमध्ये आले. ते पुण्याहून चार महिन्यांसाठी माझ्याकडे आले होते आणि दुसऱ्याच महिन्यात तिकीट अलीकडे घेण्याची भाषा करत होते. इथे हाताला काम नाही, म्हणायचे. जन्मभर तांब्याचे हंडे आणि बंब ठोकलेला माणूस माझ्याकडे डिशवॉशर लावत होता. त्यांनी एक टोपी उचलली, ही तर भातुकलीतली वाटी, असं पुटपुटले, आणि दोन बोटांत दाबून म्हणाले, पत्रा ताठर आहे. लाल तापव, पाण्यात टाक, मऊ पडेल.

मी मेकॅनिकल इंजिनिअर. लाल तापवून पाण्यात टाकलं की धातू कडक होतो, हे कॉलेजच्या वर्कशॉपपासून डोक्यात बसलेलं. मी त्यांना तेच ऐकवलं. ते शांतपणे म्हणाले, ते लोखंडाचं झालं, हे तांबं आहे. ते खरं होतं. तांबटाच्या मुलीनं पदवी घेऊन करावी अशीच ती चूक होती, पण मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा.

"बाबा, हे तेव्हा शिकवायचं होतंत," मी म्हणाले. "मला भट्टीच्या दारातच उभं करायचात."

पोरींनी भट्टीजवळ यायचं नाही, हा त्यांचा नियम. भावाला आत घ्यायचे, तो पुढे बँकेत चिकटला. मी उंबऱ्यावरून जेवढं दिसेल तेवढं बघायची. बाबा घरात गेले. मला वाईट वाटलं, पण मागे गेले नाही.

रागातच मी वीस टोप्या स्टीलच्या पळीत घातल्या, गॅस टॉर्चच्या ज्योतीनं लाल केल्या आणि पाण्यात ओतल्या. त्या इतक्या मऊ झाल्या की प्रेसमध्ये शिशाला मिठी मारून बसल्या. पक्कडीनं ओढलं तर शिसं फाटलं, टोपी सुटली नाही. विसातल्या सहा मात्र निघाल्या, पहिल्यासारख्याच.

मी घरात गेले. बाबा सोफ्यावर नुसते बसले होते. मी म्हणाले, तुमचं बरोबर होतं, माझं चुकलं, पण सहा निघाल्या. त्यांनी एवढंच विचारलं, लाल म्हणजे कसा लाल? मला सांगता येईना. गॅरेजचं शटर उघडं होतं, ऊन थेट पळीवर पडत होतं, त्यात लाली नीट दिसतच नव्हती.

त्यांनी चपला घातल्या. गॅरेजमध्ये मला शटर ओढायला लावलं, दिवा घालवायला लावला आणि टॉर्च स्वतःच्या हातात घेतला. त्या स्पर्धेत माझी एकही गोळी आडवी गेली नाही आणि मी शेवटची आले नाही, बाबाही चार महिने पुरे राहिले, पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी मी दिवा घालवला आणि चोपन्न वर्षांची बाई तिथेच, दाराशी, बटणावर हात ठेवून उभी राहिले. माझ्या लक्षातही आलं नाही.

बाबांच्या आलं.

"तिथून रंग दिसायचा नाही," ते म्हणाले. "इकडे ये. माझ्याशेजारी उभी राहा."